चित्राचे पैसे दिले, म्हणून चित्र आपलं झालं का?



आज थोडं वेगळ्या विषयावर लिहितेय. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये आपल्याला संशोधन पद्धती शिकवतात, संख्याशास्त्र शिकवतात, वाङ्मयचौर्य म्हणजे काय तेही शिकवतात. पण आपण दुसऱ्याकडून पैसे देऊन एखादं चित्र काढून घेतलं, तर त्याचे हक्क कुणाकडे राहतात, हे निदान मला तरी कुणी शिकवलं नव्हतं. ते मी फॉर्म भरताना अडकून शिकले.

झालं असं की, आमच्या लॅबमध्ये शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींवर काम चालतं. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला शाळेतली मुलं येणार होती. त्यांना रायझोबियम हा जिवाणू समजावून सांगायला आम्ही एक पात्र ठरवलं, ‘गाठोबा’. डोक्याला मुंडासं, हातात नायट्रोजनची पिशवी. कल्पना आमची, नाव आमचं. चित्र काढलं ओळखीतल्या एका मुलीनं, ती अप्लाइड आर्ट शिकलेली आहे. व्हॉट्सॲपवर बोलणं झालं, ४,००० रुपये यूपीआयनं पाठवले, तिनं फाइल पाठवली. मुलांना गाठोबा भलताच आवडला.

वर्षभरानं आमचा एक रिव्ह्यू पेपर स्वीकारला गेला. त्याच्या चित्ररूप सारांशात मी गाठोबाच टाकला होता. जर्नलच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, या लेखातल्या सर्व चित्रांचे हक्क तुमच्याकडे आहेत का, किंवा लेखी परवानगी आहे का? मी ‘हो’वर टिक करणार, तेवढ्यात सरांनी विचारलं, “कागद कुठंय?” कागद नव्हताच. मी त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, “ताई, तुम्ही पोस्टरसाठी म्हणाला होतात ना? आणि मीच तुम्हाला विचारणार होते. एका जैविक खतवाल्यांना गाठोबा पाकिटावर छापायचाय. देऊ का?”

मला घामच फुटला. खताच्या पाकिटावर आमचा गाठोबा आला, तर लोकांना वाटणार की लॅबनं त्या खताची शिफारस केलीय. “नको देऊस” असं म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की तसं म्हणायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हेच माहीत नाही. मग कॉपीराइट कायदा, १९५७ उघडून बसले. त्यातून जे समजलं ते खाली मांडतेय. मी वकील नाही. खरोखर वाद उभा राहिला तर वकिलाकडे किंवा संस्थेच्या बौद्धिक संपदा कक्षाकडे जा. पण वादापर्यंत गोष्ट जाऊ नये यासाठी एवढं कळणं पुरेसं आहे.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

आपला सगळा गोंधळ इथून सुरू होतो. चित्र ‘घेतलं’ म्हणताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवतो.

पहिली गोष्ट म्हणजे वस्तू: कॅनव्हास, छापील पोस्टर किंवा संगणकातली फाइल. दुसरी गोष्ट म्हणजे कॉपीराइट. त्या चित्राच्या प्रती काढणं, ते प्रकाशित करणं, त्यात फेरफार करून नवं काही बनवणं, या सगळ्याचा हक्क. तिसरी गोष्ट म्हणजे परवाना. हक्क मूळ मालकाकडेच राहतो, पण ठरावीक कामासाठी चित्र वापरायची मुभा आपल्याला मिळते.

पुस्तक विकत घेतलं की ते पुस्तक आपलं होतं, पण त्याच्या प्रती छापून विकायचा हक्क काही मिळत नाही. चित्राचंही तसंच. फाइल आपल्या लॅपटॉपवर आहे, याचा अर्थ कॉपीराइट आपल्याकडे आहे असा होत नाही. आणि कॉपीराइट नोंदणी केल्यावरच मिळतो, असंही नाही. चित्र तयार झालं त्या क्षणी तो अस्तित्वात येतो. नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण ती सक्तीची नाही. आपल्याकडे हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

कलम १७: पहिला मालक कोण?

या कायद्याचं कलम १७ सांगतं की कृतीचा कर्ता हाच तिच्या कॉपीराइटचा पहिला मालक. चित्राच्या बाबतीत कर्ता म्हणजे ज्यानं चित्र काढलं तो. हा मूळ नियम. त्याला काही अपवाद आहेत, त्यातले दोन आपल्या कामाचे.

एक अपवाद नोकरीचा. कुणी नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून चित्र काढलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक नोकरी देणारा असतो. म्हणजे संस्थेच्या पगारी चित्रकारानं तुमच्यासाठी आकृती काढली, तर हक्क बहुधा संस्थेचा. पण आमच्या गाठोबाची चित्रकार लॅबची नोकर नव्हती. एका कामापुरते पैसे घेऊन स्वतंत्रपणे काम करणारी व्यक्ती या अपवादात बसत नाही. फेलोशिपवर असलेले तुम्ही-आम्ही मात्र थोडे अधांतरी असतो. फेलोशिप म्हणजे नेहमीच्या अर्थानं नोकरी नव्हे, त्यामुळे आपण स्वतः काढलेल्या आकृत्यांबद्दल आपल्या संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण काय म्हणतं ते वाचून ठेवा. ॲडमिशनच्या वेळी सह्या केलेल्या कागदांत ते बहुतेक असतंच.

दुसरा अपवाद जास्त मजेदार आहे. मोबदला देऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेला फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट, केलेलं एनग्रेव्हिंग किंवा बनवलेला चित्रपट, यांचा पहिला मालक काम सांगणारा असतो, अर्थात उलट करार नसेल तर. म्हणून पैसे देऊन काढून घेतलेल्या लग्नाच्या फोटोंचा कॉपीराइट, फोटोग्राफरशी वेगळं काही ठरलं नसेल तर, काम देणाऱ्याचा.

हे वाचून मी खूश झाले. म्हटलं, सुटलो! पण यादी पुन्हा वाचा. तिच्यात ‘ड्रॉइंग’ हा शब्द नाही.

हा काही छपाईतला दोष नाही. याच कायद्यात ‘कलात्मक कृती’ची व्याख्या आहे. तिच्यात पेंटिंग, शिल्प, ड्रॉइंग, एनग्रेव्हिंग आणि फोटो हे वेगवेगळे मोजलेत, आणि ड्रॉइंगमध्ये आकृती, नकाशा, तक्ता आणि आराखडा येतात असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे कायदा करणाऱ्यांना पेंटिंग आणि ड्रॉइंग यांतला फरक माहीत होता. मग कलम १७ च्या अपवादात फक्त पेंटिंग आलं, तर पेशीची आकृती, उपकरणाचा आराखडा, रेषांनी काढलेलं पात्र हे सगळं मूळ नियमाखाली राहतं, असं चित्रकार सरळ म्हणू शकतो. आणि काम देणारा म्हणू शकतो की टॅबलेटवर रंग भरून केलेलं चित्र म्हणजे पेंटिंगच की! दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. संशोधनात आपण ज्या प्रकारची चित्रं करून घेतो, ती नेमकी याच फटीत पडतात. म्हणून ‘पैसे दिले म्हणजे माझं’ यावर विसंबून पेपर पाठवू नका.

पण कल्पना तर आमची होती!

हा माझा दुसरा बचाव. मुंडासं, पिशवी, नाव, सगळं आम्हीच सुचवलं होतं. तो बचावही टिकला नाही.

कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, कल्पनेच्या अभिव्यक्तीला मिळतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे तत्त्व स्पष्ट केलं. एका नाटकावरून चित्रपट उचलला असा तो दावा होता. न्यायालयानं म्हटलं की विषय किंवा कल्पना सारखी असणं म्हणजे उल्लंघन नव्हे, ती कशी मांडली ते बघायचं. ‘मुंडासं घातलेला जिवाणू’ ही कल्पना. तिच्यावरून दहा चित्रकार दहा गाठोबा काढतील आणि प्रत्येकाला आपापल्या चित्रावर हक्क मिळेल. आम्ही फक्त वर्णन दिलं होतं, रेषा तिच्या होत्या.

मी स्वतः कागदावर कच्चं रेखाटन करून दिलं असतं, तर गोष्ट थोडी बदलली असती. त्या रेखाटनाचा हक्क माझा राहिला असता, आणि तिचं पक्कं चित्र त्यावर बेतलेलं ठरलं असतं. मग एकमेकींच्या संमतीशिवाय दोघींनाही पुढे जाणं अवघड झालं असतं. म्हणून तुम्ही दिलेली रेखाटनं, तारखांसकट, जपून ठेवा.

पात्राचं आणखी एक कोडं आहे. आपल्या कायद्यात ‘पात्र’ असा कॉपीराइटचा वेगळा प्रकारच नाही. चित्राला संरक्षण आहे, कथेला आहे. मग एकाच पात्राची शंभर चित्रं असतील तर पात्र कुणाचं? या प्रश्नावर केरळ उच्च न्यायालयासमोर १९८० च्या दशकात एक खटला गाजला. व्ही. टी. थॉमस ऊर्फ टॉम्स या व्यंगचित्रकारानं ‘बोबन आणि मोली’ ही मुलांची जोडी निर्माण केली होती. पुढे ते मलयाळा मनोरमामध्ये नोकरीला होते आणि तिथं ही चित्रमालिका वर्षानुवर्षं छापून आली. नोकरी सुटल्यावर त्यांनी दुसरीकडे बोबन-मोली काढायला घेतले, तेव्हा मनोरमानं हरकत घेतली. उच्च न्यायालयानं टॉम्स यांना रोखायला नकार दिला. पात्रं त्यांनी नोकरीच्या आधीच निर्माण केली होती. नोकरीच्या काळात काढलेल्या चित्रांवर मालकाचा हक्क असू शकतो, पण नोकरी संपल्यावर काढल्या जाणाऱ्या नव्या चित्रांवर तो पोचत नाही.

आपल्यासाठी यातला धडा असा, की ‘हे एक चित्र’ आणि ‘हे पात्र, त्याची पुढची सगळी चित्रं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका पोस्टरचे हक्क घेतले म्हणून उद्या दुसऱ्याच चित्रकाराकडून गाठोबाची चित्रकथा काढून घ्यायची मुभा आपोआप मिळत नाही. ते वेगळं लिहून घ्यावं लागतं.

हक्क विकला तरी उरणारी गोष्ट

समजा, चित्रकारानं सगळा कॉपीराइट तुम्हाला लिहून दिला. तरीही कलम ५७ प्रमाणे त्याचे नैतिक हक्क त्याच्याकडेच राहतात. एक, आपल्या कृतीचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा. दुसरा, आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर ती थांबवण्याचा आणि भरपाई मागण्याचा.

याचं गाजलेलं उदाहरण दिल्लीच्या विज्ञान भवनातलं आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी सरकारच्या सांगण्यावरून तिथल्या भिंतीसाठी एक भव्य कांस्य भित्तिशिल्प केलं होतं. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते काढलं गेलं आणि भांडारात पडून राहिलं, त्यात त्याची मोडतोड झाली. सेहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायचे आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायची. शिल्प करून घेणारं सरकार होतं, पैसेही सरकारनंच दिले होते, तरीसुद्धा!

आपल्या पातळीवर याचा अर्थ साधा आहे. चित्राखाली चित्रकाराचं नाव द्या. कोपऱ्यातली सही कापून टाकू नका. तिला न विचारता गाठोबाच्या हातात भलतंच काही देऊ नका.

संशोधकाला हे नेमकं कुठे नडतं?

पहिलं ठिकाण म्हणजे जर्नल. काही जर्नलं लेखाचा कॉपीराइट स्वतःकडे घेतात. जे तुमच्याकडे नाहीच, ते तुम्ही त्यांना कसं देणार? मुक्त प्रवेशाच्या जर्नलमध्ये लेख बहुतेक वेळा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली जातो. त्यातला ‘सीसी बाय’ हा परवाना जगातल्या कुणालाही, अगदी धंद्यासाठीसुद्धा, श्रेय देऊन वापर आणि फेरफार करायला परवानगी देतो, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. म्हणजे मी फॉर्मवर टिक केली असती, तर त्या मुलीचं चित्र तिला न विचारता सगळ्या जगाला वाटून टाकलं असतं. खताच्या पाकिटाची काळजी करणाऱ्या मीच ते पाकीट छापायची वाट मोकळी करून दिली असती! जर्नलची हरकत नसेल तर उपाय असतो. एखादं चित्र या परवान्यातून वगळलं आहे, त्याचे हक्क अमुक व्यक्तीचे आहेत, असं चित्राखाली लिहिता येतं.

दुसरं ठिकाण म्हणजे प्रबंध. तो शोधगंगावर चढतो आणि सगळ्यांना खुला होतो. ‘शिक्षणासाठी, संशोधनासाठी सगळं चालतं’ ही समजूत आपल्यात फार पसरलीय. कलम ५२ मध्ये संशोधनासह खासगी वापरासाठी सूट आहे, हे खरं. पण खासगी वापर म्हणजे आपल्या अभ्यासापुरता वापर. तेच चित्र लेखात छापणं ही वेगळी गोष्ट झाली.

तिसरं ठिकाण म्हणजे तयार चिन्हांमधून आकृत्या जुळवून देणारी ऑनलाइन साधनं. तिथं आकृती तुम्ही जुळवता, पण सुटी चिन्हं त्यांची असतात. कोणत्या योजनेत प्रकाशनाची परवानगी आहे, हे आधी वाचा, पेपर स्वीकारल्यावर नाही.

कागदावर काय लिहायचं?

हक्क लिहून घ्यायचे असतील तर तोंडी बोलणं चालत नाही. कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं लागतं. परवानाही लेखीच लागतो. स्टॅम्प पेपरवर दहा पानं लिहा असं मी म्हणत नाही, कामाला सुरुवात करायच्या आधी साध्या भाषेत एक पान पुरे. त्यात एवढं यायला हवं:

१. कोणतं चित्र? नाव, वर्णन, शक्य असेल तर चित्राची छोटी प्रत जोडा.

२. हक्क पूर्ण लिहून देतोय की फक्त वापरायचा परवाना? परवाना असेल तर तो एकट्या आपल्यालाच, की इतरांनाही देता येईल?

३. वापर कुठे कुठे? पोस्टर, जर्नल, प्रबंध, वेबसाइट, पुस्तक, टी-शर्ट, एकेक नाव घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्सखाली जाणार असेल तर त्याचा अर्थ चित्रकाराला समजावून सांगा आणि मगच लिहा.

४. किती काळ आणि कोणत्या प्रदेशात? हे विसरू नका. कायदा म्हणतो की मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परवान्यांनाही ही कलमं लागू होतात. ऑनलाइन पेपर तर जगभर आणि कायमचा असतो!

५. हक्क लिहून घेतले आणि वर्षभर वापरलेच नाहीत, तर वेगळं लिहिलेलं नसताना ते सोडून दिले असं धरलं जातं. त्यामुळे याबद्दलही एक ओळ हवी.

६. पात्र असेल तर पुढची चित्रं कोण काढणार, कोण बदल करणार?

७. मोबदला किती, आणि श्रेय कसं लिहायचं?

इंटरनेटवरून परदेशी करारनामा जसाच्या तसा उचलू नका. त्यात ‘वर्क मेड फॉर हायर’ असा शब्द सापडेल. ती अमेरिकी कायद्यातली संकल्पना आहे, आपल्या कायद्यात तो शब्द नाही. आणि अमेरिकेतही पैसे देणारा आपोआप मालक ठरतो असं नाही. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराच्या खटल्यात म्हटलं की तो स्वतंत्र काम करणारा होता, काम देणाऱ्या संस्थेचा नोकर नव्हे, म्हणून त्याचं शिल्प ‘वर्क मेड फॉर हायर’ ठरत नाही.

मग गाठोबाचं काय झालं?

आम्ही तिला लॅबमध्ये बोलावलं, चहा घेतला, आणि दोघींनी मिळून एक पान लिहिलं. कॉपीराइट तिच्याकडेच राहिला. आम्हाला शाळांचे कार्यक्रम, पोस्टर आणि प्रबंधासाठी जगभर, कायमचा वापराचा परवाना मिळाला. खतं, बियाणं, औषधं यांच्या विक्रीसाठी गाठोबा कुणालाही द्यायचा नाही, असं तिनं लिहून दिलं. तिचं एक गिऱ्हाईक त्यामुळे गेलं, म्हणून आम्ही आणखी ३,००० रुपये दिले. जर्नल ‘सीसी बाय’वालं होतं, तेव्हा पेपरमध्ये गाठोबा घातलाच नाही. मी स्वतः एक साधी आकृती काढली. दिसायला काही खास नाही, पण ‘हो’वर टिक करताना हात थरथरला नाही.

निघताना ती म्हणाली, “ताई, मला वाटलं होतं पैसे घेतले म्हणजे चित्र तुमचंच झालं. तरी मी विचारत होते, बरं वाटावं म्हणून.” म्हणजे ती समजत होती की हक्क आमचा, आणि मलाही तेच वाटत होतं. आमच्या दोघींची समजूत एकच होती आणि दोघींचीही चुकीची असू शकत होती!

तुमच्या लॅबमध्येही असा एखादा गाठोबा भिंतीवर असेलच. तो कुणी काढला आणि त्याचा कागद कुठे आहे, हे पेपर पाठवायच्या आधी एकदा विचारून बघा. काही अडलं तर कमेंटमध्ये लिहा, मला जमेल तेवढं सांगेन.